नाताळाचा फराळ, सोलापुरी हिशेबाने

सोलापुरात नाताळ येतो तो दिवाळी आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, मध्ये. दिवाळीची कढई जेमतेम माळ्यावर गेलेली असते आणि त्या यात्रेला जेमतेम तीन आठवडे उरलेले असतात. फराळाची यादीही वरवर दिवाळीचीच: करंजी, शंकरपाळी, चकली, चिवडा, लाडू. त्यात भर पडते केक, नानकटाई आणि कुलकुल या तळलेल्या गोड पदार्थाची. हिशेब मात्र वेगळा. दिवाळीचा डबा चार-पाच दिवसांत तळाला जातो. नाताळाचा फराळ पंचवीस तारखेपासून एक जानेवारीच्या उपासनेपर्यंत पुरवायचा असतो, आणि त्याआधी पंधरवडाभर घरोघरी नाताळगीते गाणारे कॅरोलवाले येत असतात. म्हणून इथे पदार्थ आवडीच्या क्रमाने नव्हे, टिकण्याच्या क्रमाने करायचे. बहुतेक घरांतली फजिती पाककृतीत नसते, या क्रमात असते.

तारखा आधी लावून घ्या

ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवशी केकचा सुकामेवा भिजवा. इंग्लंडात याच्या आदल्या रविवारी नाताळाचे पुडिंग ढवळायची जुनी रीत आहे. पुडिंग आपल्याकडे फारसे रुजले नाही, मेवा भिजवणे मात्र पक्के रुजले.

दुसऱ्या आठवड्यात नाताळाची चांदणी करून टांगा आणि भट्टीसाठी बेकरीत नाव नोंदवा. १२ ते १५ तारखेत केक भाजा आणि चिवड्याचा पहिला घाणा करा, कारण कॅरोल मंडळी तोवर फिरू लागतात. १६ ते १८ नानकटाई आणि शंकरपाळी. १९-२० चकली आणि कुलकुल. २१-२२ करंजी आणि शेंगा पोळी. २३ ला चिवड्याचा दुसरा घाणा, डबे भरणे, ताटांची यादी. २४ ला तळण अजिबात ठेवू नका. त्या दिवशी मटण, घराची आवराआवर आणि रात्रीची उपासना एवढेच पुरे होते.

करंजी इतकी शेवटी का, असे वाटेल. खोबऱ्याचे सारण आठ-दहा दिवसांत वास धरू लागते आणि पारी सारणातला ओलावा ओढून नरम पडते. आठ तारखेला केलेली करंजी पंचवीसला दिसते छान, पण तोंडात घातली की कळते.

हवेचाही विचार करा. डिसेंबरात सोलापूरची हवा कोरडी असते. रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि दुपारी तिशीला टेकतो. तळलेल्या पदार्थांना ही हवा मानवते, मुंबईसारखे दोन दिवसांत सादळत नाहीत. केकला मात्र ती मारक. उघडा राहिलेला केक इथे एका रात्रीत कडेने वाळतो. लाटून ठेवलेल्या पाऱ्याही दहा मिनिटांत पापुद्रा धरतात, म्हणून ओले पिळलेले फडके हाताशी असलेच पाहिजे.

केक

एका आठ इंची, तीन इंच उंच गोल साच्यासाठी:

मेवा: बेदाणे १५० ग्रॅम, काळ्या मनुका १५० ग्रॅम, बी काढलेला खजूर १०० ग्रॅम, टुटीफ्रुटी ५० ग्रॅम, संत्र्याची पाकवलेली साल ५० ग्रॅम. भिजवायला २०० ते २५० मिली रम.

पिठासाठी: मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी २०० ग्रॅम, पिठीसाखर १७५ ग्रॅम, अंडी ४, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, मीठ पाव चमचा, दालचिनी पूड १ चमचा, सुंठ अर्धा चमचा, जायफळ आणि लवंग पूड प्रत्येकी पाव चमचा, एका संत्र्याची किसलेली साल, काजू ७५ ग्रॅम, बदाम ५० ग्रॅम.

जळक्या साखरेसाठी: साखर १०० ग्रॅम, पाणी १ मोठा चमचा, नंतर घालायला उकळते पाणी १०० मिली.

सोलापूरच्या बाजारात बेदाणा मुबलक मिळतो. घेताना हिरवट-पिवळा लांबट दाणा दिसायला सुंदर असतो, पण केकला थोडा गडद, गोड दाणा बरा. देठे हाताने काढा, धुवा आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करा. इथे घाई केली तर बरणीत बुरशी येते. मनुका आणि खजूर बेदाण्याच्याच आकाराचे चिरा. मोठा तुकडा जड होऊन तळाशी बसतो. काचेची बरणी तीन चतुर्थांशच भरा, दर तीन-चार दिवसांनी कोरड्या चमच्याने वरखाली करा. फ्रीजची गरज नाही.

रम चालत नसेल तर काळ्या द्राक्षांचा किंवा संत्र्याचा रस घ्या. बऱ्याच मंडळींच्या घरी दारू येतच नाही, आणि रसाचा केकही चांगलाच होतो. मात्र रसात मेवा महिनाभर ठेवायचा नाही. रस किंचित गरम करून मेव्यावर ओता, गार झाला की फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. बाहेर ठेवला तर तो आंबतो, बरणीत फेस दिसू लागतो, आणि मग त्याला केकमध्ये ढकलण्यात अर्थ नसतो. रसाचा केक दहा दिवस आधी न करता २१ तारखेच्या सुमारास करा. तो चार-पाच दिवसांचाच.

जळकी साखर आदल्या दिवशी करून ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि चमचाभर पाणी मध्यम आचेवर ठेवा, ढवळू नका, पातेले फिरवा. रंग मधासारखा होतो तिथे बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात आणि केक फिकट राहतो. तो गडद तांबूस-तपकिरी होऊन पहिला बारीक धूर निघेपर्यंत थांबा, मग लगेच गॅस बंद. काळा दाट धूर आला तर साखर कडू झाली. टाकून नव्याने करा, ती कशानेही सुधारत नाही. गॅस बंद केल्यावर उकळते पाणी थोडे थोडे, हात लांब ठेवून घाला. गार पाणी घातले तर साखर उसळते आणि गोळा होते. लहान मुलांना या वेळी ओट्याजवळ उभे राहू देऊ नका.

केक करायच्या दिवशी लोणी आणि अंडी किमान तीन तास आधी बाहेर काढा. इथल्या डिसेंबरात सकाळी सातला बाहेर काढलेले लोणी नऊलाही दगडासारखे असते. त्यापेक्षा दुपारी करा. गार अंडे मऊ लोण्यात पडले की मिश्रण फाटते, दही फुटल्यागत दिसते. तसे झालेच तर दोन चमचे मैदा घालून फेटा, जुळून येते.

लोणी आणि साखर पांढरे, हलके होईपर्यंत फेटा. हाताने वीस मिनिटे, यंत्राने सहा-सात. अंडी एकेक करून. मग जळकी साखर पूर्ण गार झालेली, ७५ ते १०० मिली. मैदा, बेकिंग पावडर, मसाले आणि मीठ दोनदा चाळून तीन भागांत मिसळा, आता फेटायचे नाही, पळीने खालून वर आणायचे. मेवा गाळणीत निथळून घ्या, त्याला मैद्यातलेच आधी बाजूला ठेवलेले दोन मोठे चमचे चोळा आणि काजू-बदामासह शेवटी घाला. मेवा तळाला बसतो त्याची कारणे तीन: तो निथळलेला नसतो, पीठ पातळ असते, किंवा तुकडे मोठे असतात. पळी उलटी केली तर पीठ धपकन पडले पाहिजे, ओघळता कामा नये.

साच्याला तळाशी आणि कडेला दुहेरी बटर पेपर लावा. बाहेरून वर्तमानपत्राची तीन-चार पदरी पट्टी गुंडाळून सुतळीने बांधा, ती कडा करपू देत नाही. ती ओव्हनच्या कांडीला लागत नाही ना एवढे पाहा. ओटीजी १५० अंशांवर १५ मिनिटे तापवून घ्या, साचा मधल्या जाळीच्या एक घर खाली ठेवा. पहिला एक तास दार उघडू नका. सव्वा तासाने सुरी घालून पाहा. साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात. वरचा रंग लवकर चढला तर ॲल्युमिनियम फॉइल नुसता वर ठेवा. मध्यभागी खड्डा पडला तर दार लवकर उघडले गेले किंवा बेकिंग पावडर जास्त झाली. टोक फुगून तडा गेला तर आच जास्त होती. वीज मध्येच गेली तर दार बंदच ठेवा. अर्ध्या तासात आली तर केक वाचतो.

रमच्या केकला गार झाल्यावर टूथपिकने भोके पाडून दोन चमचे रम पाजा, बटर पेपर आणि फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा, चार दिवसांनी पुन्हा एक-दोन चमचे. नाताळापर्यंत तो मुरतो. ताजा कापला तर चुरा होतो आणि मसाला वेगळा लागतो.

ओव्हन नसेल तर जुनी रीत अजून चालते. मोठ्या जाड पातेल्यात दोन इंच चाळलेली कोरडी वाळू पसरून त्यावर तिवई, तिवईवर साचा. पूर्वी शेगडीवर पातेले आणि झाकणावर निखारे ठेवत. वर जास्त, खाली कमी, हे त्यातले सगळे गुपित. आज गॅसवर वरची आच मिळत नाही, म्हणून केक खालून शिजतो आणि वरून फिकट, ओलसर राहतो. त्यावर उपाय म्हणजे साचा लहान घेणे: वरच्या प्रमाणाचे दोन भाग करून दोन सहा इंची साच्यांत, एकामागून एक. दुसरा भाग तोवर फ्रीजमध्ये ठेवा. वाळू मध्यम आचेवर १५ मिनिटे तापवा, साचा ठेवून जड झाकण लावा आणि अगदी बारीक आचेवर तास-सव्वा तास. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा, पाणी घालू नका, आणि चांगला कुकर यात घालू नका. कोरड्या आचेने तो खराब होतो.

बेकरीच्या भट्टीत

घरी ओव्हन येण्यापूर्वी केकचे डबे आणि नानकटाईचे सामान घेऊन बेकरी गाठायची, ही रीत अजून सुटलेली नाही. सुटू नये अशीही आहे, कारण भट्टीतल्या नानकटाईची खुसखुशी ओटीजीला जमत नाही. जायच्या आधी तीन गोष्टी विचारा: ते किलोवर घेतात की ट्रेवर, मळणे त्यांचे की आपले, आणि केक कधी आणायचा. पाव निघाल्यावर भट्टी उतरू लागते तेव्हाच केक आत गेला पाहिजे. पावाच्या धगीत गेला तर वीस मिनिटांत वरून काळा आणि आतून कच्चा. डब्यावर नाव कागदाने चिकटवू नका, जळते. खिळ्याने खूण करा किंवा डब्याला तार बांधा. नाताळाच्या आठवड्यात एकसारखे चाळीस डबे भट्टीपुढे असतात आणि अदलाबदल हमखास होते. डबा दोन तृतीयांशच भरा.

नानकटाईसाठी मैदा ४०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, तूप ३०० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, खायचा सोडा पाव चमचा, वेलची-जायफळ. तूप थिजलेलेच घ्या आणि तळहाताने परातीत पांढरेशुभ्र होईपर्यंत फेसा. सोलापूरची थंडी इथे मदतीला येते. वितळलेल्या तुपाची नानकटाई ट्रेवर पसरून चपटी होते. पीठ एकत्र झाले की मळणे थांबवा. घरी भाजायची तर १६० अंशांवर १८ ते २० मिनिटे, आणि बाहेर काढताना ती मऊच लागते. कडक होण्याची वाट ओव्हनमध्ये पाहू नका.

कुलकुल

हा मूळचा गोवा-वसई-मुंबईकडचा पदार्थ, सोयरिकींबरोबर इकडे आला. मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, मीठ पाव चमचा, ५० ग्रॅम कडकडीत तूप, एक अंडे आणि भिजवायला लागेल तसे नारळाचे दूध, साधारण पाऊण ते एक वाटी. पुरीच्या पिठाइतके घट्ट मळा, तासभर झाकून ठेवा.

सुपारीएवढ्या गोळ्या करून काट्याच्या पाठीला तेल लावा, गोळी अंगठ्याने त्यावर चपटी दाबा आणि टोकाकडून गुंडाळत आणा. शेवटची कड नीट दाबून बसवा, नाहीतर तेलात उलगडते. नवा कोरा कंगवाही चालतो, रेघा बारीक येतात. हे काम एकट्याने करायचे नाही, चार जणांनी परातीभोवती बसून करायचे. एकटे बसलात तर पहिल्या गोळ्या वाळून तडकतात. झालेले कुलकुल ओल्या फडक्याखाली ठेवा.

तेल मध्यमपेक्षा थोडे कमी. गोळी टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी वर यावी. लगेच उसळून वर आली तर तेल जास्त तापले आहे. बाहेरून लाल, आतून पिठाळ होईल. साखर पिठात जास्त घातली तरी हेच होते, म्हणून गोडी पाकाने आणायची. सोडा घालू नका, रेघा पुसल्या जातात आणि तेल पितात. पाकासाठी साखर २५० ग्रॅम, पाणी १०० मिली, दोन तारी झाला की गॅस बंद करून गार झालेले कुलकुल त्यात टाका आणि साखर पांढरी धरेपर्यंत हलवत राहा. पाक एकतारीच राहिला तर सगळे चिकट होतात. तसे झाल्यास कुलकुल काढून पाक पुन्हा उकळा. नारळाच्या दुधाचे कुलकुल दहा-बारा दिवसांत संपवावेत.

करंजी, शेंगा पोळी आणि बाकीचे

करंजीचे सारण: सुके खोबरे किसून मंद भाजलेले २५० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, भाजलेली खसखस ५० ग्रॅम, तुपात भाजलेला रवा ५० ग्रॅम, वेलची. सारे गार झाल्यावरच साखर मिसळा. गरम खोबऱ्यात घातली तर ती पाझरते आणि करंजी तेलात फुटते. पारीसाठी मैदा आणि बारीक रवा निम्मे निम्मे, अर्ध्या किलोला पाच मोठे चमचे कडकडीत मोहन.

शेंगा पोळी ही खास सोलापूरची भर, आणि आमच्या मते नाताळाच्या ताटात तिला केकच्या बरोबरीची जागा हवी. अंडे नाही, दारू नाही, दहा दिवस टिकते आणि कुणालाही देता येते. शेंगदाणे २५० ग्रॅम मंद आचेवर खमंग भाजून, साल काढून पूर्ण गार करा. गरम मिक्सरला लावले तर तेल सुटून लगदा होतो. गूळ २०० ग्रॅम किसून, दोन चमचे भाजलेले तीळ आणि वेलचीसह एकत्र फिरवा. गुळाचा खडा राहिला तर पोळी तिथे फुटते आणि तव्यावर करपते. कणीक दोन वाट्या, मैदा अर्धी वाटी, दोन चमचे तेल. सारणाचा गोळा पारीच्या गोळ्याएवढाच घ्या, कडेपर्यंत पोहोचेल अशी हलक्या हाताने लाटा, मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडी भाजा. टिकवायची असेल तर तूप खाताना लावा, भाजताना नको.

चकलीसाठी दिवाळीची भाजणी उरलेली असते, वास घेऊन चांगली असेल तर तीच वापरा. शंकरपाळी आणि लाडू घरोघरी येतात, त्यांच्यावर इथे जागा घालवत नाही.

चांदणी आणि कॅरोल

आता तयार चांदण्या ढिगाने मिळतात, पण कामट्यांची घरची चांदणी तासा-दोन तासांचे काम. ६० सेंटिमीटरच्या दहा कामट्या आणि १५ सेंटिमीटरच्या पाच. पाच लांब कामट्यांची एक पाचटोकी चांदणी, अशा दोन. आधी टोके सैल बांधा, मग आतल्या पाच छेदांवर घट्ट, मग टोके पक्की. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके जोडा आणि आतल्या पाच छेदांत आखूड कामट्या अडकवा म्हणजे पोट फुगते. छेद आधी न बांधता कागद लावला तर सुकताना चौकट वाकडी होते. पतंगी कागद खळीने लावा. मागचा एक भाग बल्बसाठी मोकळा सोडा. पूर्वी ४० वॅटचा बल्ब असायचा आणि कागद तपकिरी पडायचा. ५ वॅटचा एलईडी लावा, महिनाभर खुशाल जळू दे.

कॅरोलमध्ये आपल्याकडे गिटारबरोबर टाळ, ढोलकी आणि पेटीही असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग-भजनाचा बाज मराठी ख्रिस्ती गायनात आणला, त्याचा ठसा अजून पुसलेला नाही. मंडळी आपल्या घरी किती वाजता येणार हे आधी विचारून घ्या, आणि सांगितलेल्या वेळेत दीड तास मिळवा. चाळीस जणांसाठी चार लिटर चहा: पाणी अडीच लिटर, दूध दोन लिटर (उकळून आटते), चहा पावडर ८० ते ९० ग्रॅम, साखर ३२० ग्रॅम, आले बोटभर. चिवडा माणशी ५० ग्रॅम धरून दोन किलो, आधीच कागदी पुड्यांत बांधून. ताटल्या काढू नका. रात्री अकराला चाळीस ताटल्या गोळा करणे आणि धुणे कुणाच्याच आनंदाचे नसते. गाणाऱ्यांना चकली देऊ नये, पुढच्या घरी घसा धरतो.

ताटे कुणाकडे, काय

सोलापुरात एका गल्लीत लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, मराठा, जैन अशी सगळी घरे असतात, आणि ताट पाठवताना हेच सर्वांत जास्त सांभाळावे लागते. यादी तीन रकान्यांत करा. पहिला: अंडे चालत नाही. दुसरा: दारू चालत नाही. तिसरा: सगळे चालते. पहिल्या रकान्यासाठी करंजी, शंकरपाळी, चिवडा, शेंगा पोळी, तळण अंड्याच्या कुलकुलच्या आधी केलेले. म्हणजे वरच्या तारखांत कुलकुल चकलीनंतर घ्या आणि करंजीला ताजे तेल. बेकरीतली नानकटाईही विचारून. तिचे ट्रे अंड्याच्या बिस्किटांचेच असू शकतात. मुसलमान शेजाऱ्यांकडे रसाचा केक, आणि तो रसाचा आहे हे तोंडाने सांगा. त्यांना विचारावे लागू नये.

बिनअंड्याचा फळांचा केक करून सगळ्यांना एकच पाठवावा, असे सुचते. इतका मेवा बिनअंड्याच्या पिठाला झेपत नाही, केक कापताना कोसळतो. त्यापेक्षा शेंगा पोळीच बरी.

आणखी एक. काही वर्षी मार्गशीर्षातला गुरुवार नाताळाच्या आठवड्यातच येतो, आणि बऱ्याच घरी त्या दिवशी लक्ष्मीचे व्रत असते. पंचांग पाहा आणि तसे असेल तर अंड्याचे काही त्या दिवशी पाठवू नका. दुसऱ्या दिवशी पाठवले तर काही बिघडत नाही.

पंचवीसचे जेवण

दहा जणांना हाडासकट दोन किलो मटण. मटणवाल्याकडे २० तारखेलाच सांगून ठेवा, पंचवीसच्या सकाळी रांग उपासनेची वेळ चुकवते. चोवीसला दुपारी आणून, धुऊन, हळद १ चमचा, मीठ दीड मोठा चमचा आणि आले-लसूण वाटण ४ मोठे चमचे लावून तासभर ठेवा. दोन चिरलेले कांदे परतून मटण घाला, तीन पेले गरम पाणी, कुकरला एक शिट्टी आणि मग बारीक आचेवर १० ते १२ मिनिटे. ते पाऊणच शिजायला हवे. पसरट भांड्यात काढून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. थंडी आहे म्हणून ओट्यावर ठेवू नका. बाहेर पंधरा अंश असले तरी बंद स्वयंपाकघरात तितकी थंडी नसते.

वाटणही रात्रीच: कांदे पाच-सहा, सुके खोबरे १०० ग्रॅम, दोन्ही गडद भाजून, कोथिंबीर. सकाळी देवळातून, म्हणजे चर्चमधून, आल्यावर तेलात वाटण, त्यावर काळे तिखट ४ मोठे चमचे, तेल सुटेपर्यंत परता, मटण अळणीसह (ज्यात ते शिजले त्या पाण्यासह) घाला, दीड-दोन लिटर गरम पाणी, चव पाहून मीठ आणि २० मिनिटे उकळी. गार पाणी घातलेत तर तर्री बसते. रस्सा पातळच हवा, कारण सोबत ज्वारीची कडक भाकरी चुरायची आहे, आणि ती रस्सा पिते. माणशी दोन भाकऱ्या धरा. कडक भाकरी आठवडाभर आधी आणली तरी चालते, त्यामुळे त्या दिवशी तवा पेटवायचा नाही. पुलाव करणाऱ्यांनी मटणातली अळणीच तांदळाला वापरावी, एक वाटी तांदळाला दोन वाट्या.

उरलेले

नरम पडलेली शंकरपाळी, नानकटाई आणि साखर न लावलेले कुलकुल १०० अंशांवर दहा मिनिटे ठेवून गार केले की पुन्हा कुरकुरीत होतात. पाकातले कुलकुल ठेवू नका. केक कडेने वाळला तर पातळ कापून तव्यावर लोण्यात परता. तळणाचे उरलेले तेल गाळून ठेवायचे तर मटणाच्या फोडणीला लावून आठवड्यात संपवा. पण कुलकुलचे तेल नको. त्यात साखर जळलेली असते आणि फोडणी काळी येते.